आदिवासी परंपरांचे जतन : चित्र टिकले, गाणे टिकेल का?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे साडेदहा कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के आहे. सातशेहून अधिक जमातींमध्ये विभागलेल्या या समाजापर्यंत गेल्या काही दशकांत रस्ता, वीज, शाळा, दवाखाना आणि अलीकडे मोबाईल पोहोचला. यांतील बहुतेक सोयी आदिवासींनी स्वतःच मागितलेल्या आहेत. त्या नाकारून त्यांनी परंपरा सांभाळावी, अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे ठरेल. मात्र याच काळात एक विसंगतीही दिसू लागली. आदिवासी चित्रकला देशोदेशीच्या कलादालनांत पोहोचली, पण त्या चित्रांशी जोडलेली गीते, विधी आणि बोली त्यांच्याच गावांत क्षीण होत चालल्या आहेत. परंपरेचा एक भाग तरतो आणि दुसरा विरतो, यामागे निश्चित कारणे आहेत. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि ओडिशातील काही उदाहरणांतून ती स्पष्ट होतात.

विवाहाचा चौक आणि बाजारातील चित्र

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत, तसेच लगतच्या गुजरातमध्ये व दादरा-नगर हवेलीत वारली समाज राहतो. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा व गेरूचा लेप आणि त्यावर तांदळाच्या पिठाने रेखाटलेली पांढरी आकृती हे वारली चित्राचे मूळ रूप. विवाहप्रसंगी सुवासिनी घराच्या भिंतीवर चौक ‘लिहितात’. चौकाच्या मध्यभागी पालघट ही सुफलतेची देवी असते. विवाहविधी चालवणारी धवलेरी गीते गाते आणि त्या गीतांतून देवतांना आवाहन केले जाते. चौक, गीत आणि विवाह हे तिन्ही मिळून एकच विधी होतो. लग्न पार पडले की चित्राचे प्रयोजन संपते आणि ते भिंतीवरच पुसट होत जाते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या कलावंताच्या प्रयत्नांतून हे चित्र कागदावर आले. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी त्याला स्वतंत्र कलेचे रूप दिले. शेती, मासेमारी, शिकार, लोककथा असे विषय त्यांच्या चित्रांत आले. स्त्रियांच्या हातातील विधीकला अशा रीतीने पुरुषांचाही व्यवसाय बनली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले.

या प्रवासातून अनेक कुटुंबांना उत्पन्न मिळाले आणि समाजाला देशभर ओळख लाभली. हे यश थोडे नव्हे. परंतु मानांकनाची मर्यादा समजून घेतली पाहिजे. १९९९ च्या कायद्यानुसार दिले जाणारे हे संरक्षण मुख्यतः नावाचे असते. विशिष्ट प्रदेशाबाहेर तयार झालेली वस्तू त्या नावाने विकता येत नाही. चौकात पालघट का असते, धवलेरीने कोणत्या क्रमाने गावे, हे त्या नोंदणीच्या कक्षेत येत नाही. चित्राला ग्राहक मिळाला, गीताला मिळाला नाही. कुडाच्या जागी विटांची भिंत आली तरी चौक लिहिता येतो. गीते जाणणारी स्त्री उरली नाही तर मात्र विधीचा अर्थच हरपतो.

तारपा नृत्याची अडचण आणखी वेगळी आहे. वाळवलेला भोपळा आणि बांबू यांपासून बनवलेल्या तारपा या वाद्याभोवती फेर धरला जातो तो प्रामुख्याने भाताचे पीक हाती येण्याच्या दिवसांत. नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ तालुक्यांतून वीटभट्ट्यांकडे आणि बांधकामांकडे मजुरांचे स्थलांतर सुरू होते. फेर धरायला गावात माणसेच कमी असली, तर नृत्य शिकायचे कोणाकडून, असा प्रश्न उभा राहतो. येथे संस्कृतीचा प्रश्न रोजगाराच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

आश्रयदाता बदलला, गायक चित्रकार झाला

मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्याच्या पाटनगढ परिसरातील परधान हे गोंड समाजाचे परंपरागत गायक आणि वंशावळीचे जाणकार. गोंड यजमानांच्या घरी जाऊन ‘बाना’ हे तंतुवाद्य वाजवत ते बडादेवाच्या कथा व कुळांची गाथा गात आणि त्याबदल्यात त्यांना धान्य, वस्त्रे, गुरे मिळत. गोंडांचा इतिहास ग्रंथांत नव्हता. तो परधानांच्या कंठात होता. यजमानांची आर्थिक स्थिती खालावत गेली, तसा हा आश्रय आटला आणि अनेक परधान मजुरीकडे वळले.

१९८२ मध्ये भोपाळ येथे भारत भवन सुरू झाले. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने गावोगावच्या लोककलावंतांचा शोध घेतला गेला आणि त्यातून जनगढ सिंह श्याम हा तरुण परधान पुढे आला. पूर्वजांनी गायिलेल्या देवता त्याने ठिपक्यांच्या आणि रेषांच्या शैलीत कागदावर उतरवल्या. १९८९ मध्ये त्याची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात पोहोचली. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा अकाली मृत्यू झाला, पण तोवर त्याच्या आप्तांची आणि शिष्यांची एक पिढी घडली होती. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेलाही भौगोलिक मानांकन लाभले.

आधुनिकतेने परंपरा केवळ मोडली नाही, तिला नवे माध्यमही दिले, हे या उदाहरणातून दिसते. कथा गाणारा समाज कथा रंगवू लागला. मात्र श्रोता बदलला की कथनही बदलते. यजमानाला स्वतःच्या कुळाची गाथा ठाऊक असे आणि गायकाची चूक तो दाखवू शकत असे. शहरातील खरेदीदाराला चित्र आवडते, पण त्यातील देवतेचे नाव त्याला माहीत नसते. परंपरेची अचूकता राखणारा हा जाणता श्रोता कोणत्याही बाजारात तयार होत नाही.

भाषा : अर्थाची वाहक

हा श्रोता घडतो तो भाषेतून. या बाबतीत संथाली भाषेचे उदाहरण आश्वासक आहे. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संथालीसाठी ‘ओल चिकी’ ही स्वतंत्र लिपी निर्माण केली. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने बोडोसोबत संथालीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. २००८ मध्ये ओल चिकीचा युनिकोडमध्ये समावेश झाला आणि संगणकावर व मोबाईलवर ती लिहिता येऊ लागली. भाषेला पाठ्यपुस्तके, साहित्य पुरस्कार आणि स्पर्धा परीक्षांमधील स्थान मिळाले की ती नव्या पिढीला ओझे वाटत नाही.

केवळ बोलणाऱ्यांची संख्या मोठी असून भागत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. २०११ च्या जनगणनेत संथालीचे भाषक सुमारे ७३ लाख, तर भिली-भिलोडीचे एक कोटीहून अधिक नोंदले गेले. तरीही भिली आठव्या अनुसूचीत नाही. सुमारे ३० लाख भाषकांची गोंडीही नाही. या दोन्ही भाषांचे भाषक अनेक राज्यांत विखुरलेले आहेत. एका राज्यातील मुले देवनागरीतून शिकतात, दुसऱ्यातील गुजराती किंवा तेलुगू लिपीतून. एकाच भाषेच्या लेकरांना एकमेकांचे लिखाण वाचता येत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची तरतूद आहे. व्यवहारात मात्र आदिवासी मूल शाळेच्या पहिल्याच दिवशी अनोळखी भाषेला सामोरे जाते. निवासी शाळांमुळे शिक्षणाची आणि भोजनाची सोय झाली, यात शंका नाही. पण वर्षाचा मोठा काळ मूल गावाबाहेर राहिल्याने सण, पेरणी आणि लग्नकार्य यांतून आपसूक मिळणारे शिक्षण खंडित होते. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथील ग्रामसभेने स्वतःहून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, त्यामागे हीच अस्वस्थता होती. त्या शाळेसमोर शासकीय मान्यतेचा प्रश्न उभा राहिला, यावरून व्यवस्थेची तयारी किती अपुरी आहे, हे दिसते.

डोंगरच देव असेल तर?

काही परंपरा जागेपासून अलग करताच येत नाहीत. ओडिशातील नियमगिरी डोंगर डोंगरिया कंध समाजासाठी नियमराजाचे निवासस्थान आहे. तेथे बॉक्साइटच्या खाणीचा प्रस्ताव आला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने वनहक्कांसोबतच समाजाच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा प्रश्नही ग्रामसभांपुढे ठेवण्याचा निर्देश दिला. त्यानंतर बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि २०१४ च्या आरंभी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रस्ताव फेटाळला.

या निर्णयाला आधार होता तो कायद्याचा. १९९६ च्या पेसा कायद्यातील कलम ४(ड) नुसार लोकांच्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक ज्ञानावर समूहाचा अधिकार मान्य केला. म्हणजेच परंपरेबाबत निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने गावाकडे सोपवला आहे. तो वापरला जाण्यासाठी गावांना माहिती आणि प्रशासनाची साथ हवी.

जतनाची कसोटी

संग्रहालये आणि ध्वनिमुद्रण यांचे महत्त्व निर्विवाद आहे. २०१३ मध्ये सुरू झालेले भोपाळचे जनजातीय संग्रहालय किंवा गुजरातमधील तेजगढ येथील आदिवासी अकादमी यांनी मोलाचे काम केले आहे. लुप्त होऊ पाहणाऱ्या गीताची नोंद तरी उरावी, हे आवश्यकच आहे. तथापि, नोंद हा आधार आहे, प्रत्यक्ष व्यवहाराचा पर्याय नाही.

परंपरेत काय ठेवावे आणि काय सोडावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाचा, विशेषतः त्यातील स्त्रियांचा आणि तरुणांचा आहे. प्रत्येक जुनी प्रथा इष्टच असते असे नाही आणि बदल नाकारणारा समाजही कोठे आढळत नाही. शासनाला आणि इतर समाजाला करता येण्याजोगी कामे मात्र अगदी साधी आहेत. निवासी शाळांच्या सुट्या त्या भागातील सणांशी व लग्नसराईशी जुळवता येतील. धवलेरीला किंवा बाना वाजवणाऱ्या वृद्धाला मानधन देऊन शाळेत शिकवण्यास बोलावता येईल. चित्र विकत घेणाऱ्याला त्यासोबत कलावंताचे नाव आणि कथा देता येईल. स्थलांतर थांबवणारा रोजगार गावातच देता येईल.

वारली चित्राला कागद मिळाला आणि ते जगभर गेले. त्या चित्राशेजारी उभे राहून गाणाऱ्या धवलेरीकडून बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ते गीत शिकता यावे, एवढी फुरसत तिच्या शाळेच्या वेळापत्रकात आणि तिच्या आईवडिलांच्या रोजगारात निर्माण झाली, तर जतनाचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले, असे म्हणता येईल.