युवक संघटना चालवणारी माणसे



युवकांचे मंडळ म्हटले की आपल्यासमोर गणेशोत्सवाचा मांडव, कबड्डीचे सामने, रक्तदान शिबिर, उन्हाळी संस्कार वर्ग असे कार्यक्रम येतात. निमंत्रण पत्रिकेवर अध्यक्षांचे नाव ठळक असते. पण मैदानावर चुन्याने रेघा आखणारा, वर्गणीची पावती फाडणारा, शिबिरात पहाटे उठून मुलांसाठी पाणी भरणारा आणि रात्री सर्व मुले आत आली का हे मोजणारा माणूस त्या पत्रिकेवर नसतो. संघटना टिकते ती या माणसांवर. ती माणसे कोण असतात, कोणते काम करतात, त्यांचे पोट कशावर चालते आणि ती थकली की काय होते, याची माहिती या लेखात देत आहोत.

सेवादलाचे उदाहरण

मराठी मुलुखात युवक संघटनेची बांधणी कशी असते हे समजून घ्यायचे तर राष्ट्र सेवा दलाकडे पाहावे. त्याआधी डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये हिंदुस्थानी सेवा दल सुरू केले होते. पुढे ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख झाले. साने गुरुजी हे या दलाचे प्रेरणास्थान. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात दलातील अनेक तरुण उतरले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगावी सभा ठरवणे, लोक जमवणे, मुक्कामाची सोय करणे ही कामे ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनीच केली. इतिहासात गुरुजींचे नाव राहिले आणि ते योग्यच आहे. पण सभेची सतरंजी अंथरणारे हात नसते तर दौरा झालाच नसता.

दलाची रचना साधी होती. सर्वात खाली शाखा. संध्याकाळी ठरलेल्या वेळी मुले-मुली मैदानावर जमायची. मुले आणि मुली एकाच शाखेत, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. खेळ, कवायत, गाणी आणि नंतर थोडी चर्चा, म्हणजे बौद्धिक. शाखेचा प्रमुख तो शाखानायक. तो बहुधा कॉलेजात शिकणारा किंवा नुकताच नोकरीला लागलेला तरुण असे. त्याच्यावर तालुक्याचे आणि जिल्ह्याचे संघटक, आणि त्यांच्यात काही पूर्णवेळ कार्यकर्ते. सोबतीला श्रमदानासाठी सेवापथक आणि गाणी, पोवाडे, लोकनाट्ये घेऊन फिरणारे कलापथक. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी हे कलापथक गाजवले. निळू फुले आणि राम नगरकर हे पुढे नावारूपाला आलेले कलावंतही याच वाटेने आले.

कामाचे पाच प्रकार

आजची कोणतीही युवक संघटना पाहिली तर तिच्यात साधारण पाच प्रकारची माणसे आढळतात.

पहिला स्वयंसेवक. तो आपला मोकळा वेळ देतो, मोबदला घेत नाही. संख्येने हाच वर्ग मोठा. मात्र परीक्षा आली, शेतात संत्र्याचा तोडा आला, घरी लग्न निघाले की तो येऊ शकत नाही. यात त्याचा दोष नाही. संघटनेने हे धरूनच आखणी करायची असते.

दुसरा शाखानायक किंवा प्रशिक्षक. हा रोज किंवा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतोच. मुलांची नावे, त्यांच्या घरची परिस्थिती, कोण रुसला आहे, कोणाला दम लागतो हे त्याला ठाऊक असते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या आखाड्याचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवून आले. बर्लिनचा प्रवास एकदाच झाला. त्याआधीची वीस-बावीस वर्षे मात्र कोणीतरी रोज तांबडी माती उकरत होते आणि लहान मुलाला मल्लखांबावर पहिल्यांदा चढताना खालून आधार देत होते. प्रशिक्षकाचे काम ते हेच.

तिसरा पूर्णवेळ कार्यकर्ता. हा नोकरी-धंदा बाजूला ठेवून संघटनेचेच काम करतो. आपल्या विदर्भाच्या बाजूला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळात 'आजीवन प्रचारक' अशी परंपरा आहे. गुरुकुंज मोझरीला महाराजांनी १९३५ मध्ये आश्रम उभारला. मंडळात अध्यक्ष, उपाध्यक्ष या नावांऐवजी 'सेवाधिकारी' हा शब्द रूढ आहे. अधिकार हवा असेल तर आधी सेवा, असा त्या शब्दाचा अर्थ लावता येतो. आपल्या मंडळांनीही हा शब्द मनावर घ्यावा.

चौथा वर्ग कार्यकारिणीचा. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि सदस्य. मध्य प्रदेशात संस्थेची नोंदणी १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली होते. दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशेब निबंधक कार्यालयात द्यावा लागतो. हे काम रुक्ष आहे, त्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. पण ते राहून गेले की अनुदान अडते, बँकेचे खाते अडते आणि चांगले चाललेले मंडळ कागदावर मरते. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात सचिवाला आणखी एक काम करावे लागते. घरी, बैठकीत, निमंत्रणात मराठी. कचेरीतला अर्ज मात्र हिंदीत. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ एका राज्यात गेला आणि आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. तेव्हापासून दोन्ही भाषांत सफाईने लिहिणारा सचिव ही आपल्या संस्थांची गरजच झाली आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे कचेरी जवळ आली, पण अर्जाची भाषा हिंदीच आहे.

पाचवा वर्ग शिक्षक आणि शासकीय कर्मचाऱ्यांचा. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. तिची शाळेतली पथके चालवणारे बहुतेक जण शिक्षकच असतात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात विद्यार्थी वर्षाला १२० तास असे दोन वर्षे काम करतो आणि सात दिवसांचे विशेष शिबिर करतो. त्याच्यामागे कार्यक्रम अधिकारी म्हणून एक प्राध्यापक किंवा शिक्षक असतो, आणि तो आपले वर्ग सांभाळून हे काम करतो. नेहरू युवा केंद्रे १९७२ मध्ये सुरू झाली आणि १९८७ मध्ये त्यांची स्वायत्त संघटना झाली. गावोगावच्या युवक मंडळांना जोडून घेणे हे या केंद्रांचे काम. ३१ ऑक्टोबर २०२३ पासून केंद्र शासनाने युवकांसाठी 'मेरा युवा भारत' ही नवी व्यवस्था आणली आहे.

पगार, मानधन आणि पदरचा खर्च

पालकांच्या मनात एक प्रश्न नेहमी असतो. "समाजसेवा करतो म्हणता, मग पैसे कशाला?" याचे उत्तर देण्यापूर्वी तीन शब्द वेगळे करू.

पगार हा नोकरीचा मोबदला. मानधन ही कामाच्या सन्मानार्थ दिलेली ठरावीक, बहुधा लहान रक्कम. प्रवासखर्च म्हणजे कामासाठी पदरचे गेलेले पैसे परत मिळणे. यातले तिसरे तर कोणालाही नाकारू नये. सौंसरहून पांढुर्ण्याला मुलांचा संघ घेऊन जाणाऱ्या तरुणाने बसभाडे आपल्या खिशातून घालावे, ही अपेक्षा एकदा चालते, वर्षभर चालत नाही.

निळू फुले यांच्याबद्दल सांगतात की तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळ्याचे काम करीत. महिना ८० रुपये मिळत आणि त्यातले १० रुपये ते सेवादलाला देत. हे उदाहरण मोठे आहे. पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. त्यांनी दिले, कारण त्यांना द्यावेसे वाटले. संघटनेने प्रत्येक गरीब मुलाकडून तेच मागावे असा त्याचा अर्थ नाही. फुकट काम करणे ज्यांना परवडते तेवढेच लोक पुढे येतात असे झाले, तर युवक संघटना फक्त खात्यापित्या घरांची होईल. मजुरी करणाऱ्या घरातली हुशार मुलगी उत्तम शाखानायिका होऊ शकते, पण तिच्या संध्याकाळच्या दोन तासांची किंमत तिच्या घराला मोजावी लागते. थोडे मानधन दिले तर ती टिकेल.

पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरांकडेही पाहावे. त्यांच्यातील अनेकांचे संसार पत्नीच्या शिक्षिकेच्या नोकरीवर चालले. सत्कार झाला तो कार्यकर्त्याचा. घर चालवणारी बाई व्यासपीठाखाली बसलेली राहिली. संघटनेतील काम करणारी माणसे मोजताना तिलाही मोजले पाहिजे.

मुलांची जबाबदारी

आपण मूल संघटनेच्या हाती सोपवतो तेव्हा ते एखाद्या नावाच्या नव्हे, एका माणसाच्या हाती सोपवतो. म्हणून तो माणूस कोण आहे हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे आणि त्यात कोणी अपमान मानू नये. शिबिरात मुलींसोबत महिला कार्यकर्ती आहे का? मुक्कामाला किमान दोन मोठी माणसे जागी असतात का? नदीवर नेणार असतील तर पोहता येणारे कोण आहे? दवाखाना किती अंतरावर आहे? २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार मुलावर अत्याचार झाल्याचे कळूनही तक्रार न करणे हा गुन्हा आहे. मंडळाची बदनामी होईल म्हणून प्रकरण घरातच मिटवू, असे म्हणायला कायद्यात जागा नाही. चांगला कार्यकर्ता या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट त्याचे काम सोपे होते.

माणसे का गळतात?

आपल्याकडची बहुतेक युवक मंडळे एका माणसाच्या उत्साहावर उभी राहतात. तो नोकरीसाठी नागपूरला, पुण्याला किंवा भोपाळला गेला की मंडळ थंडावते. ढोल-ताशे खोलीत पडून राहतात आणि पावतीपुस्तक कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. तरुणाने गाव सोडू नये असे म्हणणे बरोबर नाही. त्याच्या मागे दुसरा तयार नसणे, हे खरे दुखणे आहे. शाखेच्या पद्धतीचा गुण हाच की आजचा खेळाडू उद्या गटप्रमुख होतो, परवा शाखानायक होतो. वर जाताना प्रत्येक जण आपल्या खालच्याला शिकवतो.

म्हणून विश्वस्त मंडळींपुढे काही साध्या सूचना ठेवाव्याशा वाटतात. प्रत्येक कामाला एकाऐवजी दोघे नेमावेत, त्यातला एक नवखा असावा. वर्षाचा जमाखर्च फळ्यावर लावावा. प्रवासखर्च लगेच द्यावा. दरवर्षी निदान एका तरुणाला आणि एका तरुणीला प्रशिक्षण शिबिराला पाठवावे. आणि वार्षिक कार्यक्रमात पाहुण्यांच्या हारांबरोबर मैदान आखणाऱ्याचेही नाव घ्यावे. याला फार पैसा लागत नाही.

विद्यार्थ्यांसाठी

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यात किंवा गावात एखादे मंडळ, भजनी मंडळ, आखाडा किंवा वाचनालय असेल. सुट्टीत तिथे जा आणि तिथे काम करणाऱ्या एका माणसाशी बोला. काका, तुम्ही हे काम कधीपासून करता? ताई, तुम्हाला हे कोणी शिकवले? तुमच्यानंतर कोण करणार? मिळालेली उत्तरे आपल्या वहीत एका पानावर लिहून काढा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस थोडा थांबला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा आणि त्याला विचारा, "मी काय करू?"