गाडी मोडते, माणूस वाचतो

हमरस्त्याच्या कडेला अपघातातली एखादी नवी गाडी उभी असते. मुठीत कागद चुरगळावा तसा बॉनेटचा पार चुराडा झालेला. भोवती जमलेल्यांपैकी एकजण हमखास म्हणतो, "आजकाल पत्राच पातळ वापरतात. जुनी अँबॅसिडर असती तर ओरखडासुद्धा पडला नसता." बाकीचे माना डोलावतात. कित्येक वर्षं माझीही मान त्यांच्याबरोबर डोलायची. मग एकदा वाचनात आलं की तो चुराडा ठरवून केलेला असतो! पुढचा भाग कुठे दुमडायचा, किती दुमडायचा, कोणता पत्रा आधी आणि कोणता नंतर, हे कुणीतरी आराखडा मांडून आधीच ठरवलेलं असतं. त्या दिवसापासून चुरगळलेल्या बॉनेटकडे बघायची माझी नजरच बदलली.

रस्त्यावरच्या गाडीत ही कल्पना पहिल्यांदा उतरवली ती मर्सिडीज-बेंझनं. 'मर्सिडीज' म्हटलं की आपल्याला आठवते श्रीमंती: लांबलचक काळी गाडी आणि तिच्या नाकावरची तीन टोकांची चांदणी. पण या कंपनीचा सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास वाचताना मला भुरळ घातली ती तिच्या दुरुस्त्यांनी. काय मोडलं, ते डोळे उघडे ठेवून पाहायचं आणि पुढच्या गाडीत त्याला उत्तर द्यायचं. तिचा दबदबा या सवयीतून उभा राहिला आहे.

औषधाच्या दुकानातलं पेट्रोल

२९ जानेवारी १८८६ रोजी मानहाइमच्या कार्ल बेंझनं 'वायूच्या इंजिनावर चालणारं वाहन' अशा नावानं पेटंटसाठी अर्ज केला. क्रमांक ३७४३५. मोटारगाडीचा जन्मदाखला म्हणतात तो हाच. युनेस्कोनं २०११ साली जगाच्या स्मृतिठेव्यात त्याची नोंद केली. गाडीला चाकं तीन, इंजिन ९५४ सीसीचं आणि ताकद जेमतेम पाऊण हॉर्सपॉवर. आज साधारण तेवढ्याच इंजिनाच्या आपल्याकडच्या छोट्या गाडीत साठाहून जास्त हॉर्सपॉवर असते.

गाडी झाली, पण गिऱ्हाईक येईना. घोड्याविना चालणारं हे खटलं लांबच्या प्रवासाला टिकेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्लची बायको बर्था हिनं नवऱ्याला न सांगता ती गाडी बाहेर काढली. १५ आणि १३ वर्षांची दोन मुलं बरोबर घेतली आणि फोर्झहाइमला, आपल्या माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे कार्लच्या डबघाईला आलेल्या धंद्यात घालणारी बाई होती ती. गाडी चालणं तिच्यासाठी हौसेचा मामला नव्हता.

पेट्रोल पंप नावाची वस्तू जगात नव्हती. वीसलोख गावात बर्थानं औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. लोक ते कपड्यांवरचे डाग काढायला वापरत. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ते दुकान आजही दाखवतात. इंधनाची नळी तुंबली, तिनं हॅटची पिन घालून मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्यांचा पट्टा गुंडाळला. साखळीसाठी लोहार गाठला. चढ आला की उतरून गाडी ढकलायची, पाणी दिसलं की इंजिनाची तहान भागवायची. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेकवर घासणारा जो थर असतो, त्याचा हा पूर्वज. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिनं नवऱ्याला तार केली.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. परतल्यावर चढावर काय हाल झाले ते तिनं सांगितलं आणि कार्लनं चढासाठी आणखी एक गिअर बसवला. आधी रस्त्यावर बिघाड, मग कारखान्यात सुधारणा. मोटारगाडीची पहिली खरी चाचणी तिच्या मालकिणीनंच घेतली.

मुलीचं नाव, वडिलांची चांदणी

त्याच सुमारास शंभरेक किलोमीटरवर, स्टुटगार्टजवळच्या कानश्टाटमध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघं बागेतल्या काचघरात दारं लावून इंजिन बनवत होते. इतकं गुपचूप, की माळ्याला वाटलं आत खोट्या नोटा छापतात आणि पोलीस आले, असं सांगतात. दोन गावं, दोन कारखाने, एकमेकांपासून स्वतंत्र.

'मर्सिडीज' हे नाव मात्र बेंझचंही नाही आणि डाइमलरचंही नाही. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समधल्या नीसमध्ये डाइमलरच्या गाड्या विकायचा. त्याला वेगाचं वेड. १९०० साली त्यानं ३६ गाड्यांची मागणी नोंदवली, पण गाडी बुटकी हवी, रुंद हवी, वळणावर न कलंडणारी हवी असा आग्रह धरला. मायबाखनं तशी घडवली. पोलादी सांगाडा, जमिनीलगत इंजिन आणि मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार रेडिएटर. घोडागाडीचा साचा टाकून दिलेली ती ३५ हॉर्सपॉवरची गाडी आजच्या मोटारीची खरी पणजी. तिला येलिनेकनं आपल्या अकरा वर्षांच्या मुलीचं नाव दिलं: मर्सिडीज. १९०२ साली ते नोंदणीकृत झालं.

चांदणी आली डाइमलरच्या घरातून. वडिलांनी पूर्वी एका पोस्टकार्डावर आपल्या घरावर चांदणी काढली होती, हे मुलांना आठवलं आणि १९०९ साली कंपनीनं ती चिन्ह म्हणून नोंदवली. तिची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि हवा. पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीनं दोन्ही कंपन्यांना जवळ आणलं. २८ जून १९२६ रोजी त्या एक झाल्या आणि बेंझच्या लॉरेल पानांच्या वेढ्यात डाइमलरची चांदणी बसली.

हात मागे घेणारं पोलाद

आता त्या चुरगळलेल्या बॉनेटकडे येऊ. ताशी ५० किलोमीटर हा काही फार वेग नाही, शहरातल्या रिकाम्या रस्त्याचा वेग. पण त्या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणं. तो वेग शून्यावर आणायला किती जागा मिळते, यावर माणसाचं जगणं-मरणं ठरतं.

समजा, गाडी वज्रासारखी टणक आहे आणि अवघ्या पाच सेंटिमीटरमध्ये थांबली. मग आतल्या प्रवाशावर त्याच्या वजनाच्या दोनशेपट जोर येईल. ६० किलोच्या माणसावर १२ टन! तीच गाडी अर्धा मीटर दुमडत दुमडत थांबली, तर जोर विसपट, म्हणजे १२०० किलो. तोही भयंकरच, पण क्षणभरासाठी शरीर तो सोसू शकतं. वेग तोच, भिंत तीच. मधे आलं ते फक्त अर्ध्या मीटरचं दुमडणं.

क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, ते याचसाठी. ताठ हातांनी धरलेला चेंडू झिणझिण्या आणतो. बेला बारेन्यी या अभियंत्यानं पोलादाला हात मागे घ्यायला शिकवलं. तोवर सगळे म्हणत, गाडी जितकी मजबूत तितकी सुरक्षित. बारेन्यीनं गाडीचे तीन भाग पाडले. पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम नरम, दुमडणारा. मधली माणसांची खोली मात्र घट्ट, आकार न सोडणारी. या रचनेच्या पेटंटसाठी १९५१ साली अर्ज झाला आणि १९५९ च्या मर्सिडीज सेडानमध्ये ती रस्त्यावर आली. आज जगातल्या बहुतेक गाड्यांमध्ये, आपल्या दारातल्या छोट्या गाडीतसुद्धा, तेच तत्त्व आहे. आणि आपल्याला जी अँबॅसिडर शाबूत दिसायची, तिनं न पचवलेला धक्का आत बसलेल्यांना सोसावा लागायचा.

पुढची पायरी १९७८ ची. करकचून ब्रेक मारला की चाकं जाम होतात आणि घसरणारं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. बॉशबरोबर तयार केलेल्या एबीएसनं ब्रेक सेकंदाला अनेकदा सोडायला-धरायला सुरुवात केली आणि ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळू लागली. १९८१ मध्ये एस-क्लासमध्ये एअरबॅग आली. धडक बसल्यापासून ती फुगायला सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाचे तीन-चार भाग लागतात. 'पापणी लवायच्या आत' हा आपला वाक्प्रचार इथे शब्दशः खरा आहे. पापणी याहून सावकाश लवते.

१९९७ मध्ये मात्र फजिती झाली. स्वीडनमधल्या पत्रकारांनी नव्या कोऱ्या ए-क्लासची चाचणी घेतली. रस्त्यावर अचानक एल्क जातीचं अवाढव्य हरीण आडवं आलं तर गाडी कशी वळेल, एवढंच पाहायचं होतं. गाडी उलटली. सुरुवातीला कंपनीनं हात झटकून पाहिले. मग विक्री थांबवली, गाडीचं सस्पेन्शन सुधारलं आणि ईएसपी ही यंत्रणा, जी तोवर महागड्या गाड्यांमध्येच असे, या छोट्या गाडीत सरसकट बसवली. गाडी भरकटू लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती तिला मार्गावर आणते. फजितीमुळेच ही यंत्रणा सामान्यांच्या गाड्यांपर्यंत लवकर पोचली.

टिकाऊपणाची ख्याती तर दंतकथेसारखी आहे. स्टुटगार्टच्या कंपनीच्या संग्रहालयात एका ग्रीक टॅक्सीवाल्याची १९७६ ची डिझेल गाडी ठेवली आहे. ती ४६ लाख किलोमीटर धावली. चंद्रापर्यंत जाऊन-येऊन सहा फेऱ्या होतील एवढं अंतर.

जे पोलादानं झाकलं जात नाही

या चांदणीवर काजळीही आहे. १९४४ साली, हिटलरच्या राजवटीत, कंपनीच्या ६३,६१० कामगारांपैकी जवळजवळ निम्मे सक्तीचे मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते. ११ जून १९५५ रोजी ल मॉंच्या शर्यतीत मर्सिडीजची गाडी उडून प्रेक्षकांवर कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्या वर्षाअखेर कंपनी शर्यतींतून कित्येक वर्षांसाठी बाहेर पडली. २०२० मध्ये डिझेलच्या धुराबाबतच्या फसवणुकीच्या आरोपांवरून अमेरिकेत सुमारे दीड अब्ज डॉलर मोजण्याची वेळ आली. यंत्राचा बिघाड उघड्यावर दिसतो, दुरुस्त होतो. माणसांशी केलेल्या अन्यायाला सुटा भाग मिळत नाही. कौतुक करताना हे विसरता कामा नये.

आपलं नातंही जुनं आहे. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीनं डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला. टेल्कोची धुरा तेव्हा सुमंत मुळगावकरांकडे होती. जमशेदपूरला तयार झालेले, नाकावर चांदणी असलेले ते टाटा-मर्सिडीज ट्रक एका पिढीनं देशभरच्या रस्त्यांवर पाहिले. म्हणजे त्या पिढीच्या नजरेत ही चांदणी श्रीमंताच्या दारातली नव्हे, मालवाहू ट्रकवरची होती. १९९४ मध्ये पुण्यात मर्सिडीज-बेंझ इंडिया सुरू झाली, पुढच्या वर्षी इथे जुळवलेली ई-क्लास बाहेर पडली आणि २००९ पासून चाकणचा कारखाना चालू आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. अपघातात धडका तीन होतात: गाडी भिंतीवर, माणूस गाडीवर आणि आतली नाजूक इंद्रियं हाडांवर. दुमडणारं पोलाद पहिल्या धडकेचा भार घेतं. पण त्याचा लाभ मिळतो तो गाडीला बांधलेल्या माणसालाच. पट्टा नसेल तर गाडी थांबते आणि माणूस त्याच वेगानं पुढे जात राहतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मर्सिडीजमध्येच. पुढच्या सीटवरचे दोघं वाचले. मागच्या सीटवरचे दोघं गेले आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

गाडी कोणतीही असो, आपल्या वाटणीचं मोडून घ्यायला ती तयार असते. तुमच्या वाटणीचं काम एवढंच: मागच्या सीटवर बसलात तरी पट्टा लावा.