चालण्याबोलण्यावरून ओळखता येत नाही

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक पात्र हमखास असतं: कंबर लचकवत येणारा, हात उडवत बोलणारा मुलगा. तो स्टेजवर आला की शिट्ट्या पडतात आणि गे म्हणजे असाच, ही समजूत आणखी पक्की होते. प्रत्यक्षात एखाद्याचं चालणं-बोलणं कसं आहे आणि त्याला ओढ कुणाची वाटते, यांचा असा काही हिशेब लागत नाही. नाजूक आवाजाच्या, कथक शिकणाऱ्या कितीतरी मुलांना मुलीच आवडतात आणि कबड्डीच्या टीममधला, बुलेटवरून फिरणारा दाढीवाला गे असू शकतो. शिट्ट्या मारणाऱ्यांत तोही असतो, कारण गप्प बसलं तर संशय येईल ही धास्ती. नाजूक मुलाला मात्र तीन वर्षं 'बायल्या' आणि 'मीठा' ऐकावं लागतं, मग तो गे असो वा नसो.

याच समजुतीतून दुसरा घोळ होतो. गे म्हणजे तृतीयपंथी, असं अनेकांना वाटतं. गे मुलगा स्वतःला पुरुषच मानतो, त्याला आकर्षण पुरुषांचं असतं. ट्रान्सजेंडर व्यक्तीचा प्रश्न ओढीचा नसतो. मी स्त्री की पुरुष, की दोन्हींपलीकडची, ही तिची स्वतःविषयीची जाणीव असते. आणि गे रूममेट आपल्या अंगचटीला येईल, ही भीतीही निराधार आहे. वर्गातल्या मुलाला वर्गातली प्रत्येक मुलगी आवडत नाही, तसंच हे.

मुलींच्या बाबतीत थट्टा कमी होते, पण त्यांचं म्हणणं कुणी खरंच मानत नाही. केस बारीक कापले, क्रिकेट खेळलं की लेस्बियन. आणि एखादीने स्वतः सांगितलं, तर 'फेज आहे, चांगला मुलगा भेटला की जाईल.' लांब केस, टिकली, कानात झुमके अशी मुलगी लेस्बियन असू शकते, हे लक्षातच येत नाही. प्रेयसीला भेटून आल्यावर, रविवारी कुठे होतीस, असं मैत्रिणींनी विचारलं की ती 'मावसबहिणीकडे' म्हणते आणि विषय संपतो. होस्टेलमध्ये राहून मुली लेस्बियन होतात, हा पालकांचा लाडका समज. एका खोलीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या, हातात हात घालून फिरणाऱ्या बहुतेक मुलींना पुढे मुलगेच आवडतात. सवयीने लैंगिक कल ठरत असता, तर असं झालं नसतं. या समजाची किंमत फार मोठी आहे: फोनवरचं चॅट कुणी वाचून घरी कळवलं की शिक्षण थांबतं आणि स्थळं पाहायला सुरुवात होते.

मग 'उपचारां'चा विषय निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018मध्ये हा आजार नसल्याचं जाहीर केलं. कल बदलण्याचे 'उपचार' करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा 'बरं करतो' म्हणणाऱ्याकडे मित्राला नेऊ नका. एचआयव्ही हा गे लोकांचाच आजार, हाही गैरसमजच: विषाणू असुरक्षित संबंधांतून, बाधित रक्तातून किंवा सुईतून आणि आईकडून बाळाला पसरतो. त्याला माणसाचा कल कळत नाही.

हे सगळं वेब सिरीज पाहून आलेलं फॅड आहे, असंही म्हणतात. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1980च्या दशकाच्या सुरुवातीला रंगभूमीवर आलं, तेव्हा आपल्याकडे खासगी टीव्ही वाहिन्यासुद्धा नव्हत्या. कॉलेजातल्या एका मुलीचं दुसऱ्या मुलीवरचं प्रेम हाच त्या नाटकाचा गाभा. मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी व्यक्तींसाठीचं नियतकालिक 1990 साली सुरू झालं. बाहेरून आलं ते अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377. ते इंग्रजांनी 1860च्या दंडसंहितेत घातलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी, सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे खासगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. 2023मध्ये मात्र समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला न्यायालयाने नकार दिला. म्हणजे दोघं एकत्र राहू शकतात, पण कायद्याने नवरा-नवरा किंवा बायको-बायको होऊ शकत नाहीत. माझ्या मते हा अन्याय आहे.

कट्ट्यावर बसून कोण 'तसा' आहे याचे अंदाज बांधणं थांबवा. कुणी विश्वासाने सांगितलंच, तर ते तिसऱ्या माणसाला कळता कामा नये, अगदी जिवलग मैत्रिणीलाही नाही. कुणाला कधी सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि जिथे छळ चालू आहे तिथे गप्प राहू नका. लैंगिक कलावरून चिडवणं, वाळीत टाकणं हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016च्या दुरुस्तीनुसार रॅगिंग ठरतं. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक 1800-180-5522 असा आहे.