ओढ्यातले मासे उन्हाळ्यात जातात कुठं?

मे महिन्यात कंधारकडच्या बहुतेक ओढ्यांतून चप्पल न भिजवता पलीकडं जाता येतं. तळाला गोटे, काठाला करंज आणि शिंदी, मधूनच एखादी शेळी. जुलैत त्याच जागी पोरं जुनी ओढणी ताणून मासे धरतात. मग हे आले कुठून? जुनी माणसं बिनधास्त सांगतात, पावसाबरोबर पडले.

पडत नाहीत, चढतात

हे ओढे मन्याडीला मिळतात, मन्याड मांजरेला आणि मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला. मधे बारूळचं धरण आडवं असल्यामुळं गोदावरीचा मासा इथवर येणं अवघड. धरणाच्या फुगवट्यातून काही वर चढतात, बाकीचे ओढ्याच्याच एखाद्या न आटलेल्या डोहातले असतात. पहिल्या मोठ्या पावसाचं गढूळ पाणी आलं की बारीक मासळी धारेविरुद्ध निघते आणि अंडी घालायला पार बांधाशेजारच्या उथळ पाण्यात शिरते. आपल्याला तेवढंच दिसतं, म्हणून ते आभाळातून आल्यासारखं वाटतं.

हवा पिणारी मंडळी

डोह उरला तरी त्यात जगणं सोपं नाही. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना 7.5च. त्यात पानं कुजली की आणखी ओढाताण. अशा पाण्यात रोहू-कटला आधी माना टाकतात. मरळ मात्र टिकते, कारण तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवायची वेगळी पोकळी असते. उलट तिला वर येऊ दिलं नाही, तर ती पाण्यातच गुदमरते. मांगूरलाही वरची हवा घेता येते, आणि ओल असेल तर तो सरपटत शेजारचं डबकंही गाठतो. वाम दिवसभर वाळूत रुतून बसते, बाहेर फक्त नाकाचं टोक.

या सगळ्यांत मला आवडतो तो मरळीचा वीतभर भाऊबंद. मादीनं अंडी घातली की नर ती तोंडात धरून बसतो, पिल्लं निघेपर्यंत. 1952 साली भारतात आणलेल्या चिलापीत हेच काम आई करते. चिलापी भराभर वाढते आणि एकदा डोहात शिरली की हटत नाही.

बंधारा आणि पोकलेन

2014च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाले खोल आणि रुंद झाले. 2016ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळं पाणी अडवण्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण पोकलेननं सरळ चर काढला की डोह, कपारी आणि काठची सावली एकदमच जातात. बंधाऱ्या-बंधाऱ्यातही फरक आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारं पावसाळ्यात काढलेली असतात, म्हणून माशाला वाट मिळते. सिमेंट नाला बांध ही बारमाही भिंत; मोठा पूर सोडला तर बारीक मासा तिच्या पायथ्याशीच अडकतो. बगळ्यांना हे ठाऊक आहे, ते तिथंच उभे असतात.

पंप धुतलेलं पाणी

फवारणी संपली की पंप धुवायला जवळची जागा म्हणजे ओढा. सायपरमेथ्रीन माणसाच्या शरीरात बऱ्यापैकी लवकर मोडून जातं, माशाला ते जमत नाही. अगदी थोड्या मात्रेतही तो मरतो. मोठ्या धारेत धुवण विरून जाईल, पण ऑक्टोबरनंतर धार तुटते आणि डोह तेवढा उरतो. बांधापासून दूर, पडीक जागी पंप धुवायला चार पावलं जास्त पडतात, एवढंच.

डोह ओळखायचा कसा?

उन्हाळ्यात ओढ्याच्या काठानं चालताना खंड्या एकाच फांदीवर परत परत बसताना दिसला, तर खाली पाणी आहे आणि पाण्यात मासा आहे. मग गप्प बसायचं. थोड्या वेळानं हिरव्या शेवाळात ‘टुप्प’ असा आवाज होतो, एक वर्तुळ उठतं आणि विरतं. मरळ वर येऊन श्वास घेऊन गेली.