बर्लिनचं पत्र : पंचवीस सेंट आणि साठ युरो



जर्मनीबद्दल नायगावकर मंडळींकडून मला एक प्रश्न सारखा येतो. तिथली माणसं मुळातच शिस्तीची, मग ते आपल्याकडे कसं जमणार? इथं राहून माझं मत नेमकं उलटं झालं आहे. जर्मन माणूस शिस्त घेऊन जन्माला येत नाही. सरकारनं, नगरपालिकांनी, अगदी आरोग्यविम्यानंसुद्धा त्याच्यापुढं बक्षिसं आणि दंड ठेवले, आणि त्यांतून त्याच्या सवयी घडल्या. त्यातलं काही फार चांगलं आहे, तर काही पाहून चीड येते. आज दोन्ही सांगतो.

आधी बाटलीचं. इथं पाण्याची प्लास्टिकची बाटली किंवा शीतपेयाचा डबा घेतला की किमतीवर 25 सेंट अनामत द्यावी लागते, म्हणजे आपले पंचवीस रुपये धरा. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की यंत्र तिच्यावरच्या रेघा वाचतं, बाटली चेपतं आणि चिठ्ठी छापून देतं. ती चिठ्ठी गल्ल्यावर दिली की पैसे परत. विकलेल्या शंभर बाटल्यांतल्या पंचाण्णवहून जास्त परत येतात. त्यामुळं रस्त्याकडेला, नाल्यात, रेल्वेच्या रुळांवर रिकामी बाटली क्वचितच दिसते.

हे सहज झालेलं नाही. 1991 मध्ये सरकारनं वेष्टनांचा नियम केला आणि कंपन्यांना बजावलं, की पुन्हा भरून वापरायच्या बाटल्यांचा वाटा 72 टक्क्यांखाली गेला तर एकदाच वापरायच्या बाटल्यांवर सक्तीची अनामत लावू. वाटा घसरला. कंपन्या कोर्टात गेल्या, पण टिकल्या नाहीत. युर्गेन ट्रिटिन पर्यावरणमंत्री असताना 1 जानेवारी 2003 पासून अनामत सुरू झाली. पहिली काही वर्षं कटकटीची गेली, कारण काही मोठ्या दुकानसाखळ्या फक्त आपल्याकडची बाटली परत घेत. लोक वैतागले. मे 2006 पासून नियम सरळ झाला: त्या प्रकारची बाटली जो विकतो त्यानं ती परत घेतलीच पाहिजे, मग ती कुठंही घेतलेली असो. फक्त लहान दुकानांना थोडी सूट आहे. माझ्या मते हा नियम 25 सेंटांइतकाच महत्त्वाचा ठरला. पैसे परत मिळतील याची खात्री झाली आणि ते मिळवायला हेलपाटा उरला नाही.

मात्र बक्षीस ज्या कामावर ठेवाल तेवढंच काम होतं, हेही इथं दिसलं. बाटल्या परत आल्या, पण पुन्हा भरून वापरायच्या बाटल्या वाढाव्यात हा मूळ हेतू तसाच राहिला. त्यांचा वाटा आज निम्म्याहूनही कमी आहे. अनामत परत मिळतेच म्हटल्यावर लोकांना एकदाच वापरायची बाटली घ्यायला काही वावगं वाटेनासं झालं.

आणखी एक गोष्ट मला रोज टोचते. स्टेशनवर म्हातारी माणसं हातात विजेरी घेऊन कचराकुंड्यांत वाकून बाटल्या शोधतात. एवढ्या श्रीमंत देशात कित्येकांना पेन्शन पुरत नाही. त्यांचा हात कुंडीत जाऊ नये म्हणून बरेच लोक रिकामी बाटली कुंडीत न टाकता शेजारी ठेवतात. असं करायला कायद्यानं कुणी सांगितलेलं नाही.

आता दंडाकडं येतो. बर्लिनच्या भुयारी रेल्वेला फाटक नाही. कुणीही आत जातं, बसतं. साध्या कपड्यातले तपासनीस मधेच उठून तिकीट मागतात आणि नसेल तर 60 युरो भरावे लागतात. ज्याच्याकडं पैसे आहेत त्याच्यासाठी विषय तिथंच संपतो. नसलेल्याचं काय होतं ते ऐका. विनातिकीट प्रवास हा इथं फौजदारी गुन्हा आहे आणि ते कलम 1935 सालचं, म्हणजे हिटलरच्या काळातलं आहे. वारंवार सापडलेल्या माणसावर खटला होतो, न्यायालय दंड करतं. तो भरता आला नाही तर तुरुंग. बर्लिनच्या प्ल्योत्झेनझे तुरुंगात अशी माणसं खूप आहेत. बेघर, व्यसनात अडकलेली, आलेलं टपाल न उघडणारी. ज्याच्याकडं तिकिटाचे तीन-चार युरो नव्हते त्याला कोंडून ठेवायला सरकार रोज त्याच्या कितीतरी पट खर्च करतं. धाकानं माणूस सुधारतो असं म्हणणाऱ्यांनी हा तुरुंग पाहावा. खिसाच रिकामा असेल तर धाक कशावर चालणार?

विशेष म्हणजे याच देशानं दंडाचा एक न्याय्य मार्गही काढला आहे. 1975 पासून न्यायालयाचा दंड दिवसांत मोजतात. गुन्ह्याप्रमाणं दिवस ठरतात आणि एका दिवसाची रक्कम माणसाच्या रोजच्या कमाईवरून. त्यामुळं एकाच गुन्ह्याला मजुराला काही शे युरो, तर कारखानदाराला काही लाख द्यावे लागू शकतात. दोघांनाही झळ सारखीच बसते. न भरलेल्या दंडापायी पूर्वी एका दिवसाच्या रकमेला एक दिवस तुरुंग होता. फेब्रुवारी 2024 पासून तो अर्ध्यावर आला. ही सुधारणा अपुरी आहे, विनातिकीट प्रवासाचं ते कलमच रद्द व्हायला हवं.

दातांचंही थोडक्यात सांगतो. वर्षातून एकदा तपासणी केली की दवाखान्यात एका पुस्तिकेत शिक्का मिळतो. पुढं कवळी बसवायची वेळ आली तर नेहमीच्या उपचाराच्या ठरलेल्या खर्चातले 60 टक्के आरोग्यविमा देतो. सलग पाच वर्षांचे शिक्के असतील तर 70 आणि दहा वर्षांचे असतील तर 75 टक्के. दात दुखत नसतानाही लोक डॉक्टरकडं जातात त्यामागं हेही एक कारण आहे.

हे सगळं लिहिताना मला आपला महाराष्ट्र आठवत राहतो. 2018 साली आपल्याकडं प्लास्टिकबंदी आली. पहिल्यांदा सापडलं तर 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 रुपये आणि तीन महिने कैद. पाण्याच्या बाटलीला एक-दोन रुपये आणि दुधाच्या पिशवीला 50 पैसे परत मिळतील असंही त्याच वेळी ठरलं होतं. ते पन्नास पैसे तुमच्यापैकी किती जणांच्या हातात पडले? 5,000 चा दंड होईलच असं दुकानदाराला वाटत नव्हतं आणि 50 पैसे मिळतीलच असं गिऱ्हाइकाला. आकडा मोठा आणि भरवसा शून्य, म्हणून दोन्हींचा परिणाम झाला नाही.

याउलट आपल्याच मराठवाड्यातलं, छत्रपती संभाजीनगरजवळचं पाटोदा पाहा. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना ग्रामपंचायतीनं ठरवलं की जो घरपट्टी-पाणीपट्टी भरेल त्याचं दळण फुकट. बक्षीस साधं, पण ते त्याच घराच्या पिठाच्या डब्यात पडतं, आणि घरातल्या बाईला कळतं की कर थकला तर दळणाचे पैसे मोजावे लागतील. 2000 साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानंही गावं हलवली, ते श्रेय द्यायलाच हवं. पण ते बक्षीस गावाला मिळायचं, घराला नाही. तपासणी समिती येण्याआधी झाडलेले रस्ते समिती गेल्यावर तसेच राहिले असं अनेक गावांत झालं नाही. आणि पहाटे शिट्ट्या वाजवत उघड्यावर शौचाला जाणाऱ्या बायाबापड्यांना गाठून फजिती करणारी गुड मॉर्निंग पथकं मला तेव्हाही पटली नाहीत, आजही पटत नाहीत. ज्याच्या घरी पाणी नाही, संडासाला जागा नाही, त्याला लाज वाटायला लावून काय मिळवलं?

अनामतीचं म्हणाल तर ती जर्मनांचीच नाही. काचेच्या बाटलीतलं थंड पेय दुकानाबाहेर न्यायचं तर बाटलीचे पैसे ठेवून जा, ही रीत आपल्याकडं होतीच. तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात 2022 पासून सरकारी दारूच्या दुकानांत बाटलीमागं 10 रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणली की परत देतात. डोंगरात फुटक्या काचा हत्तींच्या पायांत जात होत्या म्हणून उच्च न्यायालयानं हे करायला लावलं, आणि बाटल्या परत येऊ लागल्या.

नायगावला आता नगरपंचायत आहे. बसस्थानक आणि आठवडी बाजार एवढ्याच दोन जागा धराव्यात. तिथं विकल्या जाणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक बाटलीमागं दोन रुपये अनामत घ्यावी आणि कुठल्याही दुकानदारानं ती जागेवरच परत करावी. बाटल्या वेचणाऱ्या बायांना ते दोन रुपये पूर्ण मिळावेत. सहा महिने करून पाहावं, हिशेब फलकावर लावावा. पुढच्या सभेत हा विषय कुणीतरी मांडा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.