घोणीची कात

‘कात टाकणे’ म्हटले की मराठी माणसाला आठवतो तो साप. पण घोणीचे कात टाकणे सापापेक्षा कितीतरी बिकट असते. सापाच्या शरीरात हाडे असतात. तो टाकतो तो फक्त त्वचेचा वरचा थर. घोणीला हाडे नाहीत. कायटिनयुक्त कवच हेच तिचे कातडे आणि हाच तिचा सांगाडा. वाढायचे तर हा सांगाडाच उतरवावा लागतो.

जपान, युरोप आणि अमेरिकेतील हौशी लोक स्कोलोपेंड्रा प्रजातीतील मोठ्या घोणी पेटीत पाळतात. याच प्रजातीतील मॉर्सिटन्स ही जात भारतातही आढळते. लिनियसने १७५८ मध्ये तिचे शास्त्रीय नामकरण केले. या जातीची घोण अंड्यातून बाहेर येते तीच पायांच्या २१ जोड्या घेऊन. घरात भिंतीवरून सरसर पळणाऱ्या लांब पायांच्या स्क्युटिजेराचे तसे नाही. तिचे पिल्लू ४ जोड्यांनिशी जन्मते आणि कात टाकत टाकत १५ जोड्यांपर्यंत पोचते. मोठ्या घोणीला कात टाकून नव्या जोड्या मिळवायच्या नसतात. वाढ आणि डागडुजी एवढेच काम उरते. तुटलेला पाय पुढच्या कातीनंतर आखूड का होईना, पुन्हा दिसू लागतो.

कात जवळ आली की घोण खाणे सोडते आणि तिचा रंग मंद होतो. जुन्या कवचाखाली नवे, मऊ कवच तयार होत असते. मग डोक्यापाशी जुने कवच उकलते. घोण अंग आकसत, फुगवत पुढे सरकते आणि बाहीतून हात काढावा तसा एकेक पाय सोडवते. श्वासनलिकांचे अस्तरही कातीबरोबर बाहेर येते. मागे उरते चुरगळलेली पोकळ नळी. पुष्कळदा घोण तीही खाऊन टाकते.

नव्या अंगाची घोण फिकट आणि दुबळी असते. तिचे विषारी आकडे म्हणजे मुळात पायांचीच रूपांतरित जोडी. तेही अजून मऊ असल्याने ती शिकार करू शकत नाही. नेमकी इथेच पाळणाऱ्याची माया घातक ठरते. घोण खात नाही म्हणून पेटीत सोडलेला रातकिडा तिलाच कुरतडू शकतो. ‘आजारी आहे का’ म्हणून उचलून पाहिले तर नाजूक अंगाला इजा होते. माती कोरडी असेल तर कात पायांत अडकते.

रानात घोण दगडाखालची ओलसर जागा स्वतः शोधते. पेटीत ती निवड माणसाने हिरावलेली असते, म्हणून जबाबदारीही त्याचीच. एका बाजूला ओली माती, लपायला साल, उरलेला रातकिडा बाहेर आणि कवच कडक होईपर्यंत झाकण बंद. एवढे केले की पुढचे काम घोणीचे.