शिवकल्याण राजा : सलग ऐकण्याचा संग्रह

१९७४ साली, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला आलेल्या या संग्रहात हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, लता मंगेशकरांचा स्वर आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन आहे. रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज यांच्या रचना त्या निवेदनानेच एकमेकींना जोडल्या जातात. सुटे गाणेही तितकेच गोड लागते, हे खरे. पण निवेदन गाळले की प्रसंगांचा धागा तुटतो. असा सलग धागा जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर मावणे कठीण होते, कारण तिची एक बाजू जेमतेम तीन-चार मिनिटांची. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी तबकडीवर ती वीस मिनिटांपर्यंत आणि त्यापुढेही गेली, म्हणून अशी सलग मांडणी साधली. एलपीनंतर आलेल्या सीडीवर आवाज आकड्यांत साठवला जातो आणि सेकंदाला ४४,१०० ध्वनिनमुने असतात. फाइल लहान करताना एमपी-थ्री हे स्वरूप त्यातला काही तपशील कायमचा गाळते. फ्लॅक हे स्वरूप मात्र फाइल लहान करतानाही काहीच गाळत नाही.